करवंदाच्या पाण्याची पहिली वाटी

टोकावड्याला एसटी थांबली, एक बाई पाटी घेऊन चढली, आणि माझं तोंड खिडकीकडे असतानाच मी ओळखलं की करवंदं आली. करवंदाला तसा फार वास नसतो. पण कुड्याची ताजी पानं, उन्हात तापलेली पाटी आणि दबून फुटलेल्या फळांचा आंबूस दर्प एकत्र झाला की आमच्या बाजूच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. वैशाख आला हे त्याला कळतं, मग भिंतीवरचं कॅलेंडर काहीही म्हणो.

बाई घाटात चालली होती. माळशेजला मुंबईच्या गाड्या थांबतात, तिथं द्रोण विकायला. मी म्हटलं, "पाटीच दे सगळी." ती माझ्याकडं बघत राहिली. "येवढी काय करशील गो?" "पाणी करनार. नणंदेची हळद हाय." तशी ती सरसावून बसली आणि मला सांगायला लागली, की बघ हां, हात लावताच देठ सुटला ती घे, चिकाची घेशील तर घसा धरंल. मी म्हटलं, "बाय, दुसरं कायपन शिकव, हे नको शिकवू. मी शेणव्याची, शहापूरकडची." बाई हसली आणि पाटी माझ्या पायाशी सरकवली. माझ्या बोलण्यात ताठा होता, मान्य. हा ताठा मी माहेराहून आणलाय आणि वैशाखऱ्याला, सासरी, इतकी वर्षं जपून वापरलाय.

तर हे पाणी. आमच्या घरात त्याला दुसरं नावच नव्हतं. "पाणी घातलं का?" "पाणी गाळलं का?" असंच बोलायचो. काळीभोर करवंदं आधी मिठाच्या पाण्यात टाकायची, म्हणजे देठाचा पांढरा चिक निघून जातो. चुलीच्या निखाऱ्यात कैऱ्या भाजायच्या. मोरीच्या सांडपाण्यावर माजलेल्या गवती चहाच्या पाती ओढून आणायच्या आणि त्यांची गाठ मारायची. पुदिना तळहातावर चुरडायचा, कापायचा नाही. सुरी लावली की तो रुसतो, असं आई म्हणायची, आणि मी अजून सुरी लावत नाही. मग गूळ, मीठ, ठेचलेलं आलं. सगळं मातीच्या डेऱ्यात, विहिरीच्या पाण्यात, आणि डेऱ्याभोवती ओलं गोणपाट. रात्रभर मुरू द्यायचं आणि सकाळी धुवट लुगड्याच्या फडक्यातून गाळायचं. त्यातलं थोडं पाणी नंतर दुसऱ्या लहान डेऱ्यात जायचं आणि त्यात घरची मोहाची पडायची. आता हे सांगायला हरकत नाही. तो लहान डेरा पडवीत उखळाच्या आड लपवलेला असायचा, आणि तो तिथं लपवलेला असतो हे अख्ख्या गावाला ठाऊक असायचं.

माझ्या आत्याचा मुलगा संजय मुंबईत एका हॉटेलात बारवर कामाला होता. एका उन्हाळ्यात तो सुट्टी घेऊन आला, लहान डेऱ्यातली वाटी प्याला, ओठ पुसले आणि म्हणाला, "मामी, ह्याला आमच्याकडं कॉकटेल बोलतात. उंच काचेच्या ग्लासात देतात. बर्फ टाकतात, वर पुदिन्याचं पान लावतात, नि एक कागदाची बारकी छत्री खोचतात." आई वाटीत ओतता ओतता थांबली. "छत्री कशाला रे?" "शोला." आई म्हणाली, "मिरगाला अजून टाइम हाय. आतापासून कशाला छत्री उघडायची?" आणि तिनं त्याची वाटी पुन्हा भरली. त्यानंतर तिसरी वाटी त्यानं स्वतःच मागितली. त्या दिवसापासून मी चारचौघांत सांगते, की माझी आई कॉकटेल करायची. ऐटीत सांगते. मिरवण्यासारखं आमच्या घरात दुसरं होतं काय? कौलं गळायची, म्हैस आटलेली असायची, बाबांचा सदरा सणाला नि लग्नाला एकच. पण उन्हाळ्यात आमच्या ओटीवर बसलेला माणूस वाटी पिऊन उठताना आईच्या हाताकडं एकदा बघायचाच.

ह्या हाताची खरी परीक्षा झाली ती ताईच्या हळदीला. ताई म्हणजे माझी थोरली बहीण वनिता. नव्वदीची मधली वर्षं होती. मुरबाडकडच्या लग्नांतून तेव्हा थंड्याच्या बाटल्यांचे क्रेट यायला लागले होते. पिंपात बर्फ, बर्फात बाटल्या, बाटलीत नळी, आणि ती नळी तोंडात धरून ऐटीत उभे राहिलेले पाहुणे. ताईचं स्थळ मुरबाडचंच. लग्नाची बोलणी करायला नवऱ्या मुलाचे मामा आले होते, पांढरा सफारी घातलेले. जाताना बाबांना म्हणाले, "आमची मानसं उष्टी हळद घेऊन येतील तवा थंडा ठेवा बरं का. गावठी सरबत आता आमच्यात कोन पीत नाय."

बाबांनी मान हलवली. आई दाराआड होती, ती पदर खोचून बाहेर आली. "मामा, थंडा लग्नाला. हळदीला माझ्या मांडवात माझंच पाणी. तुमच्यातल्या एकानं जरी वाटी अर्धी ठेवली तर पुन्यांदा हातात डेरा धरनार नाय." मामा हसून "बघू, बघू" म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारली. बाबा संध्याकाळभर आईशी बोलले नाहीत. ताई मात्र रडली. तिचं म्हणणंही खोटं नव्हतं. "तू बोलून मोकळी झालीस आई. ते पाणी नाय आवडलं तर मला त्या घरात जन्मभर ऐकून घ्यावं लागंल." आई तिला एवढंच म्हणाली, "ऐकावं लागनार नाय." पण त्या दिवसापासून तिची झोप उडालेली मी बघत होते. पैज पाण्याची होती, आणि गुंतली होती ताई.

आमच्याकडं लग्न लावायला भटजी येतो तो नंतर. आधी येते ती धवलारीण, म्हणजे लग्न गाऊन लावणारी बाई. मांडवाला उंबराची फांदी बांधण्यापासून हळद उतरवेपर्यंत सगळं तिच्या गाण्यावर चालतं. ती गायला लागली नाही तर हळदीला हात लावायचा नाही. आमच्या पंचक्रोशीत हिराबाई होती, डोंगराकडच्या वाडीतली, काटक, हाताला गोंदण, आवाज असा की शेताच्या पल्याड ऐकू यावा. तिची एक रीत होती. मांडवात आली की पहिल्या वाटीतले दोन थेंब ती उंबराच्या फांदीशी सांडायची, उरलेलं प्यायची, आणि मग गायची. जे प्यायली ते बरं की वाईट हे हिराबाईनं कधी तोंडानं सांगितलं नाही. बेचव असेल तर वाटी खाली ठेवून पान लावत बसायची, आणि लग्नघराचे प्राण कंठाशी यायचे. चांगलं असेल तर वाटी ठेवल्या ठेवल्या गाणं. हिराबाईचं "चांगलं" म्हणजे गाणंच, एवढं सगळ्यांना माहीत होतं.

आणि माझी आई? ती गाणारी नव्हे. जात्यावर बसली तरी तोंड मिटलेलं. बायका चिडवायच्या, "वयनी, तुझं जातं मुकं हाय गो." आई म्हणायची, "माझा गळा माझ्या हातात उतरलाय." हे ती चेष्टेत म्हणायची, पण मला ते खरंच वाटायचं.

हळदीच्या आदल्या दिवशी आईनं डेरा घातला. आमचा सगळ्यात मोठा, पोटानं रुंद डेरा. करवंदं पहाटेपासून आम्हीच वेचली होती. कैऱ्या भाजताना तिचे हात काळे झाले होते आणि गवती चहाच्या वासानं घर भरलं होतं. सगळं घालून झालं, तिनं ओलं गोणपाट गुंडाळलं, डेऱ्याच्या काठावर हात ठेवून क्षणभर उभी राहिली आणि मग दुसऱ्या कामाला लागली.

संध्याकाळी आत्या आली. आत्या म्हणजे बाबांची बहीण, मनानं सोनं, हातानं घाई. ती येतानाच गावकीचा पितळी टोप घेऊन आली होती. लग्नकार्याला लागणारी मोठी भांडी गावाची मिळून असायची, त्यातला हा टोप म्हणजे गावाचा मान. आत्यानं अंगणात बसून तो चिंचेनं घासघास घासला. टोप उतरत्या उन्हात असा लखलखला की पोरं त्यात तोंडं बघायला लागली. आणि आत्याला वाटलं, मुरबाडची माणसं येणार, त्यांच्यापुढं काय मातीचा डेरा ठेवायचा? वयनी बोलून बसलीय, तर तिचं पाणी दिसलं पण तसंच पाहिजे. आई ताईच्या बांगड्या भरण्यात गुंतली होती. आत्यानं डेऱ्यातलं सगळं उचलून टोपात ओतलं, वर ताट झाकलं, आणि समाधानानं झोपायला गेली.

टोपाची आतली कल्हई उडालेली होती. बाहेरून घासताना आत कोण बघतंय?

सकाळी आईनं ताट काढलं. मी वाकून बघितलं. रंग मेलेला, काठाला हिरवट कड, आणि वास असा की जिभेच्या मुळाशी पैसा ठेवल्यासारखं वाटावं. आंबट पदार्थ उघड्या पितळेत राहिला की कळकतो, हे आमच्यातल्या पोरीबाळींनाही माहीत असतं. आत्यालाही माहीत होतंच. ती धावत आली, बघितलं, आणि मटकन खाली बसली. "वयनी, मी मातेरं केलं गो. पोरीच्या लग्नात मी मातेरं केलं." बाबा म्हणाले, "आता गपचूप सायकलनं शहापूरला जातो नि क्रेट आणतो. झालं ते झालं." ताई दारात उभी होती, अंगाला तेल लावलेली, आणि तिच्या डोळ्यांत मला तेच दिसलं, जन्मभर ऐकून घ्यावं लागणार ते.

मी आईकडं बघत होते. मला वाटलं आता ही आत्यावर तुटून पडणार. माझी आई तशी गरीब गाय नव्हती, बोलायला लागली की भल्याभल्यांची दांडी गुल करायची. पण तिनं आत्याला हाताला धरून उठवलं. "वन्सं, उठा. रडायला संध्याकाळ पडलीय. आधी हे लांब खड्ड्यात ओता, गुरांच्या तोंडाला लागायला नको. मग टोप परत घासून ठेवा, मला लागनार हाय." बाबांना म्हणाली, "सायकल भिंतीला लावा." आणि टोपली उचलून ती डोंगरीकडं चालू लागली.

त्यानंतरची सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. आम्ही दोघीच निघालो होतो, पण गावात बातमी आमच्या पुढं गेली होती. भाताचे बांध ओलांडून जातोय तोवर मागून बायका यायला लागल्या. कुणाच्या हातात सूप, कुणाचा नुसता ओचा. जिचं आईशी विहिरीवर भांडण चालू होतं, तीही आली आणि भांडण चालू ठेवूनच करवंदं वेचायला लागली. वरच्या वाटेनं हिराबाई उतरत होती, आमच्याकडंच निघालेली. तिनं सगळं ऐकलं आणि बोचकं करवंदाच्या जाळीला अडकवलं. आई म्हणत होती, "मुरवायला आता येळ नाय. म्हनून चिकाचं एक पन नको. हात लावला नि हातात आलं तेच घ्या. ओढावं लागलं तर सोडा." असं वेचायचं म्हणजे फार हळू काम. काटे ओरबाडत होते, ऊन चढत होतं, टोपलीचा तळ झाकता झाकेना. पण एकीनंही ओढून तोडलं नाही.

घरी आल्यावर आईनं बाह्या सारल्या. करवंदं रात्रभर मुरायला नाहीत, तर तिनं ती हातानंच चिरडली, कोपरापर्यंत जांभळी होईस्तोवर. गवती चहा भिजत ठेवायच्या ऐवजी पाट्यावर नुसता चेचून पिळला. कैऱ्या अर्ध्या भाजक्या, अर्ध्या कच्च्या किसून. गूळ कमी, कारण पिकलेल्या फळाचाच गोडवा उतरला होता. ती चाखत नव्हती. मी विचारलं, चाखत का नाहीस, तर म्हणाली, "आता चाखून काय करू? दुसरं हाय का?"

डेरा भरला. आत्या कोपऱ्यात पडल्या तोंडानं टोप घेऊन बसली होती. आई म्हणाली, "वन्सं, तो टोप मांडवात ठेवा. त्यात विहिरीचं गार पाणी भरा अर्ध्यापर्यंत. नि डेरा त्या पाण्यात बसवा." आत्यानं तसं केलं. मातीचा काळसर डेरा, भोवती थंडगार पाणी, आणि बाहेरून तो लखलखणारा टोप. बघणाऱ्याला वाटावं की हे असंच ठरलेलं होतं. आत्याच्या चेहऱ्यावर रंग आला. पुढं तर ती सगळ्यांना सांगत फिरायची, "टोपाची अक्कल माझी." आईनं तिला एकदाही अडवलं नाही.

ऊन उतरायला मुरबाडची माणसं आली. मामा सफारीतच. त्यांनी मांडवभर नजर फिरवली, बाटल्या दिसतात का बघायला. हिराबाई उंबराच्या फांदीशी बसली. आईनं पहिली वाटी भरून तिच्या हातात दिली, आणि मी बघितलं, वाटी देऊन झाली तरी आईचा हात पुढंच राहिला होता. हिराबाईनं दोन थेंब सांडले. वाटी तोंडाला लावली. घोट तोंडात धरून ठेवला. ताई पाटावर होती, तिनं डोळे मिटले होते. हिराबाईनं घोट गिळला, सगळी वाटी प्यायली, आणि वाटी खाली न ठेवता ती पुढं केली. दुसरी मागितली. कुणाच्याही मांडवात तिनं दुसरी वाटी मागितलेली कुणी बघितली नव्हती. ती पिऊन झाली आणि मग तिनं गळा सोडला.

पुढचं सांगायचं तर मामांनी वाट्या किती घेतल्या ते मी मोजलं नाही, मोजणं बरं दिसलं नसतं. पडवीतल्या उखळापर्यंत त्यांना वाट कुणी दाखवली तेही माहीत नाही. जाताना आईपाशी येऊन म्हणाले, "वयनी, हे आमच्या पोरीला येतं का करायला?" आमच्या पोरीला, असं म्हणाले. ताईला त्या घरात ऐकून घ्यावं लागलं नाही. उलट दर उन्हाळ्यात तिला सांगावा यायचा, डेरा घाल म्हणून. आणि त्या दिवसापासून आमच्या घरात पाणी मुरवून कधी केलं नाही. हातानंच चिरडायचं, पिकल्या करवंदाचं, टोपात बसवलेल्या डेऱ्यात. फसलेल्या पाण्याच्या जागी जे झालं तेच आमचं खरं पाणी ठरलं. मला ह्याचा फार अभिमान आहे. मी तो लपवत नाही.

सासरी आले तेव्हा डेरा मी स्वतः मांडीवर घेऊन आले होते, शहापूरवरून मुरबाड आणि मुरबाडवरून वैशाखरे, दोन एसट्या बदलून. सासूबाईंनी विचारलं, "आमच्याकडं मडकी मिळत नाय का गो?" मी म्हटलं, मिळतात, पण ह्याला सवय आहे. आता त्यांनाच तो लागतो. दर वैशाखात मी पाणी करते, शेजारच्या आळीतली माणसं पितात, नाव काढतात. पण एक गोष्ट राहिली होती. माझ्या हातचं पाणी आईनं कधी प्यायलं नव्हतं. उन्हाळ्यात तिला तिची कामं, मला माझी. आणि मनात एक धाकधूक कायम होती, की हे तिचं पाणी आहे की नुसतं त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी, हे तिच्याशिवाय कोण सांगणार?

म्हणून नणंदेच्या हळदीला आई येणार म्हटल्यावर मी एसटीतली ती पाटीच्या पाटी घेतली. रात्री नाही, त्याच दिवशी सकाळी चिरडली. मांडवात टोप ठेवला, टोपात डेरा. आई आली. केस सगळे पांढरे झालेत, गुडघ्यानं वाकते. डेऱ्याकडं तिनं बघितलं आणि विहिणींच्या रांगेत जाऊन बसली.

आता हिराबाई नाही. तिच्यामागं तसं गाणारं कुणी राहिलं नाही. पोरांनी स्पीकर आणून ठेवले होते, वायरी जोडायचं चाललं होतं. सासूबाई उंबराच्या फांदीपाशी उभ्या राहून म्हणाल्या, "पयली वाटी कुनाला द्यायची? आता धवलारीण तर नाय." मग त्याच म्हणाल्या, "सुमनच्या आईला द्या. पाणी त्यांच्याच घरचं हाय."

मी वाटी भरून आईच्या हातात दिली. माझाही हात पुढंच राहिला, अगदी तसाच. आईनं वाकून दोन थेंब फांदीशी सांडले. घोट घेतला. तोंडात धरला. माझ्याकडं बघितलंच नाही, समोर कुठंतरी बघत राहिली. मला वाटलं, गूळ जास्त झाला. मला वाटलं, एखादं चिकाचं गेलं. तिनं वाटी संपवली आणि खाली ठेवली, हलक्या हातानं, आवाज न करता.

आणि आई गायला लागली.

बारीक आवाज, पहिल्याच ओळीला चिरका झालेला, हिराबाईच्या चालीवर जेमतेम चालणारा. स्पीकरवाला पोरगा वायर हातात धरून थांबला. मागच्या रांगेत ताई होती, तिनं तोंडावर पदर घेतला. जन्मात न गायलेली माझी आई त्या फांदीशी बसून एकामागून एक ओळ म्हणत होती आणि नणंदेच्या अंगाला हळद लागत होती. मी टोपाला धरून उभी होते. दुसरी वाटी भरली, तिच्यापुढं ठेवली, आणि गाणं संपेपर्यंत तिथून हलले नाही.